स्थूलतेचे बीज आणि श्रमाचे माप

(बुलढाणा जिल्ह्यातील शिक्षक, पंचायत सदस्य आणि शासकीय कर्मचारी यांच्यासाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



खामगावच्या बाजारात, चिखलीच्या एस.टी. स्थानकावर किंवा एखाद्या लग्नाच्या पंगतीत, अंगाने सुटलेल्या माणसाविषयी बहुधा दोनच मते ऐकू येतात. पहिले मत घरच्यांचे : "आमच्या घराण्याची ठेवणच अशी, आजोबाही असेच होते." दुसरे शेजाऱ्यांचे : "बसून खायचे, मग अंगावर चढणारच." पहिल्या मताने सगळा भार पूर्वजांच्या माथी मारलेला असतो, दुसऱ्याने त्या माणसाच्या आळसावर. दोन्ही पक्ष आपापल्या जागी अर्धे बरोबर असतात. आणि अर्धे बरोबर असल्यामुळेच दोघांचाही हट्ट सुटत नाही.

हा वाद आजचा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल माणसाचा विचार आलेला आहे. तेथे स्थौल्याची कारणे सांगताना अति आहार, गोड व स्निग्ध पदार्थांचे सेवन, दिवसाची झोप, निश्चिंत वृत्ती यांच्या बरोबरीने आणखी दोन कारणे नोंदवली आहेत : अव्यायाम आणि बीजस्वभाव. शरीराला श्रम नसणे आणि बीजातूनच तशी प्रकृती येणे, ही दोन्ही एकाच यादीत शेजारी शेजारी बसली आहेत. त्यांतले एक खरे आणि दुसरे खोटे असे मानण्याची गरज त्या ग्रंथकाराला भासली नाही. या दोहोंचे आपसातील नाते काय, एकाचा जोर दुसऱ्यामुळे वाढतो की घटतो, हे मोजण्याची साधने मात्र अलीकडच्या काही दशकांतच शास्त्रज्ञांच्या हाती आली.

प्रथम बीजाचा विचार करू जाता, डेन्मार्कमधील एका अभ्यासाची आठवण होते. त्या देशात दत्तक मुलांच्या नोंदी फार काटेकोरपणे ठेवल्या जात. १९८६ साली अल्बर्ट स्टंकार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५४० दत्तक व्यक्तींची प्रौढपणीची शरीरयष्टी पाहिली आणि तिची तुलना जन्मदात्या व सांभाळणाऱ्या अशा दोन्ही आईबापांशी केली. ज्यांच्या घरात ती मुले वाढली, ज्यांच्या ताटात जेवली, त्यांच्या अंगकाठीशी मुलांच्या अंगकाठीचा मेळ बसला नाही; ज्यांचा सहवासही लाभला नाही अशा जन्मदात्यांशी मात्र बसला. घराण्याची ठेवण म्हणणाऱ्यांच्या बाजूने याहून बळकट पुरावा मिळणे कठीण.

त्यानंतर कॅनडात क्लोद बुशार यांनी केलेला प्रयोग १९९० साली प्रसिद्ध झाला. त्यात एकसारख्या जुळ्या तरुणांच्या १२ जोड्या होत्या. त्यांना शंभर दिवसांतील ८४ दिवस रोज १,००० उष्मांक जादा खाऊ घालण्यात आले आणि हालचाल मर्यादित ठेवण्यात आली. सर्वांना जादा अन्न सारखेच, पण परिणाम मात्र सारखा नाही. सरासरी वजन ८.१ किलोने वाढले, परंतु कोणाचे ४.३ किलोनेच वाढले तर कोणाचे १३.३ किलोने. लक्षात घेण्यासारखी बाब ही की, एकाच जोडीतील दोन भावांत फरक थोडा होता. जोडी-जोडीतला फरक त्याच्या सुमारे तिप्पट होता. म्हणजे अन्न तेच असले तरी ते अंगी किती लागावे याचा हिशेब बऱ्याच अंशी जन्मापूर्वीच मांडलेला असतो. तोच वरणभात खाऊन एका भावाचे पोट सुटते आणि चुलतभाऊ काटकुळा राहतो, या घराघरांतील कोड्याचे उत्तर येथे आहे. यास्तव "बसून खातो" एवढ्यावर निकाल देणाऱ्या शेजाऱ्याने थोडे थांबावयास हवे.

हा हिशेब कोठे लिहिलेला असतो? २००७ साली सोळाव्या गुणसूत्रावरील एफ.टी.ओ. या जनुकाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष गेले. या जनुकाचा एक विशिष्ट पाठ काही लोकांत आढळतो. तो आईकडून एक आणि वडिलांकडून एक असा दुहेरी मिळालेल्या युरोपीय प्रौढांचे वजन, तो मुळीच न मिळालेल्यांपेक्षा सरासरी तीन किलोने अधिक भरले. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधील मुलांच्या पाहणीत असे दिसले की, हा पाठ असलेली मुले जेवणात थोडे अधिक उष्मांक घेतात. म्हणजे बीजाचा प्रभाव भुकेतूनही चालतो. ज्याला आपण खादाडपणा म्हणून हसतो, त्यातही काही वाटा वारशाचा असू शकतो. पुढे सुमारे सात लाख लोकांच्या तपासणीतून २०१८ साली शरीरभाराशी संबंधित असे नऊशेहून अधिक आनुवंशिक फरक हाती आले. प्रत्येकाचा प्रभाव अगदी किरकोळ. थेंब थेंब साचून हौद भरावा तसा हा प्रकार आहे. लठ्ठपणाचे एकच जनुक असते आणि ते काढून टाकले की काम भागते, हा समज त्यामुळे सोडून द्यावा लागतो. अगदी थोड्या कुटुंबांत एकाच जनुकातील मोठ्या दोषामुळे बालपणापासून अतिस्थूलता येते हे खरे, परंतु ते अपवाद होत.

आता श्रमाकडे वळावे. या बाबतीतला एक जुना आणि फार बोलका अभ्यास भारतातलाच आहे. पश्चिम बंगालमधील एका ताग गिरणीतील दोनशेहून अधिक कामगारांचा आहार, वजन आणि कामाचे स्वरूप यांची नोंद जाँ मेयर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह घेतली. ती १९५६ साली प्रसिद्ध झाली. ओझी वाहणारे कामगार भरपूर खात आणि तरी सडपातळ होते, यात नवल नाही. नवल होते ते बैठे काम करणाऱ्यांत. दिवसभर दुकानात बसणारे किंवा लेखनिकाचे काम करणारे हलक्या श्रमाच्या कामगारांपेक्षा कमी खात असतील असे कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात ते अधिक खात होते आणि त्यांची वजनेही अधिक होती. यावरून मेयर यांनी असा निष्कर्ष काढला की, भूक आणि श्रम यांचा मेळ एका मर्यादेपर्यंतच टिकतो. हालचाल त्या मर्यादेच्या खाली गेली की भुकेचा काटा बिघडतो. शरीराला लागते त्याहून अधिक मागितले जाते आणि दिलेही जाते. कार्यालयातील खुर्ची, पानटपरीवरील गप्पा आणि दर दीड तासाने येणारा चहा-नाश्ता यांचा संबंध ज्यांना रोज येतो त्यांना यावर अधिक भाष्याची जरुरी नाही.

त्याच सुमारास लंडनमध्ये जेरी मॉरिस हे डॉक्टर दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना करीत होते. १९५३ साली त्यांनी दाखवून दिले की, दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करून तिकिटे देणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो. हा अभ्यास जगभर गाजला. त्याची पुढची कथा मात्र तितकीशी सांगितली जात नाही, आणि प्रस्तुत विषयाला तीच अधिक महत्त्वाची आहे. १९५६ साली मॉरिस यांनी या कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापे तपासली. चालकांच्या विजारींची कंबर वाहकांच्या विजारींपेक्षा मोठी निघाली, आणि तरुण वयाच्या कर्मचाऱ्यांतही हा फरक होताच! मग प्रश्न असा उभा राहिला : बसून राहिल्यामुळे माणूस स्थूल झाला, की जो मुळात स्थूल प्रकृतीचा होता त्यानेच बसून करण्याचे काम पत्करले? बीजानेच श्रम टाळावयास लावले नाहीत कशावरून? एका शिंप्याच्या मापाने एवढा मोठा पेच निर्माण करावा, आणि तो मान्य करण्याचा प्रामाणिकपणा स्वतः संशोधकानेच दाखवावा, ही गोष्ट शास्त्राच्या शिक्षकांनी वर्गात अवश्य सांगावी.

हा पेच सोडविण्यास जुळी भावंडे उपयोगी पडली. फिनलंडमध्ये १९७५ पासून २००५ पर्यंत, म्हणजे तीस वर्षे, जुळ्या भावंडांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. त्यांतील ४२ जोड्यांमध्ये या संपूर्ण काळात एक भावंड सतत व्यायाम करणारे आणि दुसरे न करणारे असे होते. तीस वर्षांच्या अखेरीस व्यायाम करणाऱ्याचे वजन त्याच्या जोडीदारापेक्षा सरासरी ५.४ किलोने कमी वाढले होते आणि त्याच्या कमरेचा घेर ८.४ सेंटिमीटरने लहान होता. एकसारख्या जुळ्यांतही, ज्यांचे बीज एकच असते, कल तोच दिसला. तीस वर्षांत साडेपाच किलो हा आकडा वजन उतरविण्याच्या जाहिराती वाचणाऱ्यास फारच लहान वाटेल. परंतु कमरेचे आठ सेंटिमीटर लहान नव्हेत. मधुमेह आणि हृदयविकार यांच्या दृष्टीने पोटावरील मेद हाच सर्वांत उपद्रवी असतो.

यापुढील प्रश्न सरळ होता : ज्यांच्या अंगी एफ.टी.ओ.चा तो पाठ आहे, त्यांना श्रमाचा उपयोग होतो की नाही? १९११-१२ च्या सुमाराची अनुवंशवादी मंडळी असती तर त्यांनी नाही असेच उत्तर दिले असते. २०११ साली ४५ अभ्यासांतील २,१८,१६६ प्रौढांची माहिती एकत्र करून याचे उत्तर काढण्यात आले. हालचाल करणाऱ्यांमध्ये त्या जनुकामुळे येणारा स्थूलतेचा धोका, हालचाल न करणाऱ्यांच्या मानाने सुमारे २७ टक्क्यांनी कमी आढळला. हा आकडा नीट वाचावयास हवा. धोका नाहीसा झाला असे तो सांगत नाही; जवळजवळ तीन चतुर्थांश प्रभाव शिल्लक राहतोच. पण बीजाचा प्रभाव दगडावर कोरलेला नाही, तो माणसाच्या दिनक्रमानुसार कमीजास्त होतो, हे त्याने सिद्ध केले. शिवाय तेथे 'हालचाल करणारे' म्हणजे कोणी पहिलवान नव्हते. बैठे काम आणि आठवड्यात तासभरही व्यायाम नाही, अशांनाच काय ते निष्क्रिय धरले होते. बाकीचे सारे दुसऱ्या बाजूला. याच अभ्यासात १९,००० हून अधिक मुलांचीही माहिती होती. मुलांमध्ये मात्र असा परस्परसंबंध आढळला नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

परदेशातील आकडे ऐकून जिल्ह्यातील श्रोत्याच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. डेन्मार्क आणि फिनलंडचे लोक वेगळे, त्यांची हाडपेरे वेगळी. ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर पुण्याहून मिळते.

२००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र छापून आले. त्यात दोन डॉक्टर शेजारी उभे होते : पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा शरीरभार निर्देशांक, म्हणजे किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, अगदी एकच होता : २२.३. दोघेही पाहणाऱ्याला सडपातळ दिसत. परंतु शरीरातील मेद मोजला तेव्हा युडकिन यांच्या अंगी तो ९.१ टक्के निघाला आणि याज्ञिकांच्या अंगी २१.२ टक्के. काट्यावर सारखे, आत निम्म्याहून अधिक तफावत. भारतीय माणूस बारीक दिसत असतानाही आतून मेदस्वी असू शकतो, हे सांगण्यास यापेक्षा सोपा पाठ नाही. म्हणूनच भारतीयांसाठी निर्देशांकाच्या मर्यादा खाली आणल्या गेल्या : २३ पासून अधिक वजन, २५ पासून स्थूलता, आणि कमरेचा घेर पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर.

ही प्रकृती जन्मतःच येते हेही पुण्याच्याच अभ्यासाने दाखविले. १९९३ साली पुण्यापासून सुमारे ५० किलोमीटरवरील सहा खेड्यांत गरोदर मातांची पाहणी सुरू झाली. तेथे जन्मलेल्या बालकांचे सरासरी वजन २.७ किलो होते. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो. या खेड्यांतील बालकांचे स्नायू कमी, पोटातील अवयव लहान, परंतु कातडीखालील मेद मात्र त्या मानाने राखलेला. वजनाने कृश आणि मेदाने समृद्ध अशी ही बाळे.

याच अभ्यासाचा २००३ साली प्रसिद्ध झालेला आणखी एक निष्कर्ष पंचायतीच्या प्रत्येक सदस्याने ध्यानात ठेवावा असा आहे. गरोदरपणात ज्या स्त्रियांनी शेतातील व घरातील श्रमाची कामे अधिक केली, त्यांची बाळे आकाराने लहान निघाली. व्यायामाचा पुरस्कार करताना हे विसरले जाते. जो श्रम बैठ्या माणसाला तारतो, तोच अर्धपोटी गर्भवतीच्या बाळाला बाधतो. आणि ते बाळ पुढे कमी स्नायू व राखलेला मेद घेऊन जगात येते. त्याला वारसाने जे मिळाले ते केवळ जनुकांतून मिळालेले नसते. आईच्या डोक्यावरील हंडा आणि पाठीवरची कापसाची झोळीही त्यात असते.

एफ.टी.ओ. जनुकाची तपासणीही पुण्यातील लोकांवर झाली आहे. के.ई.एम. रुग्णालय आणि हैदराबादची पेशी व रेणवीय जीवशास्त्र संस्था यांच्या संशोधकांनी २००९ साली दाखवून दिले की, या जनुकाचा भारतीयांतील मधुमेहाशी निकटचा संबंध आहे आणि तो केवळ वजनवाढीच्या मार्गाने येत नाही. चेन्नई येथील लोकसंख्येच्या पाहणीतून २०१६ साली पुढचा दुवा मिळाला : ज्यांची हालचाल कमी त्यांच्यात या जनुकाचा स्थूलतेशी संबंध ठळक, तसेच पिष्टमय अन्न अधिक घेणाऱ्यांतही ठळक. तेव्हा हा प्रश्न केवळ गोऱ्या लोकांचा राहत नाही.

हे सारे शास्त्र बुलढाणा जिल्ह्याच्या मातीत आणून पाहिले म्हणजे काय दिसते? घाटावर चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव आणि सातपुड्याच्या पायथ्याचे संग्रामपूर व जळगाव जामोद. एका पिढीपूर्वी या सर्व भागांत माणसाच्या अंगाला श्रम आपोआप घडत. शेतात चालत जाणे, वखर-डवऱ्यामागे दिवसभर फिरणे, ज्वारीची कापणी आणि खळ्यावरील मळणी, विहिरीचे पाणी, त्याहीपूर्वी पहाटेचे जाते. त्याला कोणी व्यायाम म्हणत नसे. पुढे ज्वारीचे क्षेत्र घटत गेले, सोयाबीन आले. पेरणीला ट्रॅक्टर, तणाला तणनाशक, मळणीला यंत्र आले. शेतावर जाण्यास मोटरसायकल आली. जात्याची जागा पिठाच्या गिरणीने घेऊन तर कित्येक वर्षे झाली. हे सर्व इष्टच झाले. पहाटे चार वाजता जाते ओढणाऱ्या बायकांचे कष्ट परत यावेत असे म्हणणाऱ्याने आधी स्वतः आठवडाभर दळून पाहावे. परंतु यंत्राने वाचविलेले श्रम शरीराच्या खात्यातून वजा झाले आणि ताटातील भाकरीचे प्रमाण तेवढेच राहिले, किंबहुना त्यात तेल आणि साखर वाढली, हे विसरून चालणार नाही.

या फेरबदलाचा वाटा सर्वांना सारखा आलेला नाही. ज्यांच्या घरात मोटरसायकल आणि ट्रॅक्टर आले त्या शेतकऱ्याचे, दुकानदाराचे, शिक्षकाचे, तलाठ्याचे श्रम प्रथम गेले. कापूस वेचणाऱ्या, निंदणखुरपण करणाऱ्या मजूर स्त्रियांचे श्रम मात्र फारसे हलले नाहीत; कापूस वेचण्याचे काम अजूनही बहुतांशी हातानेच होते. एकाच गावात एका आळीत पोट सुटलेले पुरुष आणि दुसऱ्या आळीत रक्तक्षय झालेल्या गर्भवती, असे चित्र त्यामुळे दिसू शकते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही देशाचे हेच दुहेरी रूप उमटले आहे : १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया अधिक वजनाच्या वा स्थूल, आणि त्याच वयोगटातील १८.७ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कृश. म्हणून 'सर्वांनी व्यायाम करावा' हा फलक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून कर्तव्य संपत नाही. कोणी चालावे आणि कोणाला विसावा मिळावा, हे गावाने वेगवेगळे ठरवावयास हवे. सातव्या-आठव्या महिन्यातील मजूर स्त्रीला हलके काम मिळेल अशी व्यवस्था करणे हे पुढच्या पिढीच्या स्थूलतेवरील एक उपायच आहे, जरी स्थूलतेच्या कोणत्याही पुस्तिकेत तो सहसा छापलेला नसतो.

बैठ्या माणसाने मात्र किती चालावे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटांची मध्यम हालचाल सुचविली आहे. मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटे. यात भ्रम नसावा. साठ किलो वजनाच्या माणसाने तासभर चालून सुमारे २०० उष्मांक खर्ची पडतात, आणि दोन मोठे चमचे तेलात त्याहून अधिक असतात. शेगावात दर्शनाच्या निमित्ताने दोन तास पायी चालून नंतर कचोऱ्यांची थाळी पुढे ओढणाऱ्याने वजनाच्या काट्याला दोष देऊ नये. चालण्याने वजन उतरो न उतरो, स्नायू साखर वापरू लागतात, पोटावरील मेद हटू लागतो. शिवाय हा लाभ सवय टिकेल तोपर्यंतच टिकतो. शेगावहून श्री गजानन महाराजांच्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत महिनाभर पायी जाणारे वारकरी जिल्ह्यात पुष्कळ आहेत. त्यांच्या पायांची ताकद वादातीत आहे. पण आषाढीनंतर परत येऊन उरलेले अकरा महिने जो ओट्यावर बसून राहील, त्याच्या शरीराला त्या वारीची आठवण फार दिवस राहणार नाही.

शाळेविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. वर्गातील स्थूल मुलाला टोपणनाव ठेवण्यात विद्यार्थीच पुढे असतात असे नाही. कवायतीच्या वेळी त्याच्या धापा टाकण्यावर विनोद करणारे शिक्षकही असतात. डॅनिश दत्तक मुलांचा आणि कॅनडातील जुळ्यांचा पुरावा पाहिल्यावर अशा विनोदाला कोणता आधार उरतो? त्या मुलाची भूकही काही अंशी वारसाने आलेली असते. मुलांमध्ये श्रमाने जनुकाचा प्रभाव घटतो असे मोठ्या अभ्यासात दिसले नाही, हे वर आलेच आहे. तेव्हा 'पळ म्हणजे बारीक होशील' हे आश्वासन त्याला देऊ नये. त्याला खेळाची गोडी लागली तर ती प्रौढपणी उपयोगी पडेल, जेव्हा तो प्रभाव घटू शकतो. आणि चेष्टेने जी पहिली गोष्ट मरते ती हीच गोडी. शंभर मीटर धावण्यात जो नेहमी शेवटचा येतो तोच रस्सीखेचीत, गोळाफेकीत वा कबड्डीच्या पकडीत संघाचा आधार होऊ शकतो. विदर्भाला या बाबतीत परंपरा आहे. शेजारच्या अमरावतीत १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून आले होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण आवश्यक ठरविले आहे. ते असूनही खेळाचा तास गणिताच्या जादा तासाला देऊन टाकण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी आहे, आणि शाळा सुटताच मैदानाच्या फाटकाला कुलूप लागते. ते कुलूप संध्याकाळी दोन तास उघडे ठेवण्याचा ठराव शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामपंचायत यांनी मिळून केल्यास त्यास निधीचीही गरज नाही. खुल्या व्यायामशाळेची लोखंडी साधने बसविण्यात पंचायतींचा उत्साह मोठा असतो. त्यांवर मुले झोके घेतात आणि पावसाळ्यानंतर ती गंजतात. त्यामानाने गावातून शेताकडे जाणारा, दिवे असलेला, कुत्र्यांचे भय नसलेला एक किलोमीटरचा सपाट रस्ता स्त्रियांना अधिक उपयोगी पडेल.

आरोग्य खात्याने या विषयाचे सार एका साध्या कागदात आधीच आणून ठेवले आहे. तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीसाठी आशा कार्यकर्ती जो तपासणी नमुना भरते, ज्याला 'सीबॅक' म्हणतात, त्यात इतर प्रश्नांबरोबर कमरेचा घेर, आठवड्यातील १५० मिनिटांची हालचाल आणि कुटुंबातील रक्तदाब, मधुमेह वा हृदयविकाराचा इतिहास विचारला जातो. कुटुंबात असा आजार असल्यास दोन गुण. हालचाल कमी असल्यास एक. घेर स्त्रियांत ८० व पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या पुढे गेल्यास एक, त्याहून दहा सेंटिमीटरने वाढल्यास दोन. तंबाखू, मद्य व वय यांचे गुण वेगळे. बेरीज चारच्या वर गेली की त्या व्यक्तीने उपकेंद्रातील तपासणीस प्राधान्याने यावयाचे असते. वडिलांना मधुमेह, स्वतःची बैठी नोकरी आणि १०२ सेंटिमीटरचा घेर असलेल्या गृहस्थाची बेरीज वय धरण्यापूर्वीच पाच होते. तरी गावातील मानाची माणसे हा नमुना भरून घेण्यास टाळाटाळ करतात, पंचायत सदस्य आणि गुरुजीही त्यात आले. कंबर मोजून घेणे त्यांना अप्रतिष्ठेचे वाटते. आशाताई वयाने लहान, बहुधा गावचीच सून. तिलाही टेप पुढे करण्याचा संकोच वाटतो. त्यावर तोड निघू शकते. पुरुषांची मापे घेण्यासाठी उपकेंद्रातील पुरुष आरोग्य कर्मचाऱ्यास ग्रामसभेच्या दिवशी बोलवावे आणि पहिले माप सरपंचाने द्यावे; सरपंच स्त्री असल्यास तिने ते आशाताईकडून घ्यावे.

माप घेताना टेप विजारीच्या पट्ट्यावर धरू नये, पोटाखाली तर मुळीच नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्यावर, अंगावरचा जाड कपडा बाजूला करून, टेप आडवा व सरळ धरावा. पोट आत ओढून धरलेले नसावे. श्वास सहज सोडून झाला की आकडा वाचावा आणि तेथल्या तेथे लिहून घ्यावा.